जेन्नरचे मौन

१६ ऑक्टोबर १७९३ चा दिवस. लंडनमधील सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या चालकांची सभा भरली होती. जॉन हंटर हा त्या काळचा इंग्लंडमधील अग्रगण्य शस्त्रवैद्य सभेत बोलावयास उठला. कोणीतरी त्याचे म्हणणे खोडून काढले. हंटर मूळचा तापट. परंतु या वेळी त्याने राग गिळला, एक शब्दही न बोलता तो शेजारच्या दालनात गेला आणि तेथे असलेल्या एका वैद्याच्या अंगावर कोसळला. थोड्याच वेळात सारे आटोपले. त्या वेळी हंटर पासष्ट वर्षांचा होता.

हा मृत्यू आकस्मिक खरा, पण अनपेक्षित नव्हता. वीस वर्षांपूर्वी, म्हणजे १७७३ साली, त्याला पहिली कळ आली होती. पुढे पुढे चार पावले भरभर चालले, मनाला थोडा क्षोभ झाला, तरी छाती आवळून येई. आपल्याला चिडवावयास तयार असलेल्या कोणाही लुच्च्याच्या हाती आपले प्राण आहेत, असे हंटर स्वतःच म्हणत असे. त्याचे ते म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

या दुखण्याचे खरे कारण काय असावे, याचा अंदाज त्या काळी फार थोड्यांना होता. त्या थोड्यांपैकी एक हंटरचाच शिष्य होता. एडवर्ड जेन्नर त्याचे नाव. देवीच्या लसीमुळे तो पुढे जगद्विख्यात झाला. परंतु त्या शोधाच्या कितीतरी आधी, ग्लूस्टरशायरच्या खेड्यापाड्यांत वैद्यकी करीत असता, त्याने हे दुसरे रहस्य जवळजवळ उलगडले होते. आणि उलगडूनही तो गप्प राहिला.

छातीतील या कळेला वैद्यकशास्त्रात नाव मिळाले ते १७६८ साली. विल्यम हेबर्डेन या वैद्याने लंडनच्या रॉयल कॉलेजपुढे तिचे वर्णन वाचले आणि ते १७७२ साली छापून प्रसिद्ध झाले. चालताना, विशेषतः चढण चढताना आणि त्यातही जेवण झाल्यावर, छातीत उठणारी, जीव घाबरा करणारी आणि थांबताच नाहीशी होणारी ही वेदना. हेबर्डेनचे वर्णन आजही वाचावे इतके अचूक आहे. मात्र ती कशामुळे होते ते त्याला सांगता आले नाही. त्याचे लिखाण वाचून एका अनामिक गृहस्थाने त्याला पत्र लिहिले, आपलीच लक्षणे कळविली आणि मृत्यूनंतर आपले शव तपासावे अशी इच्छा व्यक्त केली. तीन आठवड्यांतच तो वारला. ती तपासणी हंटरने केली आणि त्या वेळी तरुण जेन्नर तेथे होता. परंतु हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या कोणी उघडून पाहिल्याच नाहीत!

पुढे जेन्नरच्या स्वतःच्या हाती असा एक रोगी आला आणि दगावला. शवविच्छेदन करताना हृदयाच्या महत्त्वाच्या भागांत काहीच आढळेना. हृदयाच्या मुळाजवळ आडवा छेद घेत असता त्याची सुरी कशावर तरी करकरली आणि तिची धार मोडली. खोलीचे छत जुने, पडके होते. वरून चुन्याचा खपला पडला असावा असे वाटून जेन्नरने मान वर करून पाहिले. पण खपला पडलेला नव्हता. हृदयाला मुकुटाप्रमाणे वेढणाऱ्या त्या बारीक वाहिन्याच हाडासारख्या टणक नळ्या होऊन बसल्या होत्या. त्यानंतरच्या शवांतही तशाच खुणा मिळाल्या आणि जेन्नरची खात्री पटत गेली. पण नेमके त्याच सुमारास त्याच्या परमपूज्य गुरूला, हंटरला, त्याच रोगाने स्पष्टपणे गाठले होते. आपले मत छापले तर ते गुरूच्या वाचनात येणार आणि मग दोघांमध्ये एक दुःखद संभाषण अटळ होणार. म्हणून जेन्नरने ते प्रसिद्ध केले नाही. हंटरच्या मृत्यूनंतर त्याचे हृदय तपासण्यात आले तेव्हा त्या वाहिन्या तशाच टणक झालेल्या आढळल्या. जेन्नरचे म्हणणे जगापुढे आले ते १७९९ साली, त्याचा मित्र केलेब पॅरी याच्या ग्रंथातून.

जेन्नर गप्प का राहिला? भीतीने नव्हे, स्वार्थानेही नव्हे. गुरूला सांगण्यासारखे त्याच्याजवळ कारण होते, पण त्या कारणावर उपाय नव्हता. उपाय नसलेले ज्ञान रोग्याच्या पदरी टाकून काय साधावयाचे? पुढील दोन शतकांत वैद्यकाने जे काही केले, ते एका दृष्टीने पाहिले तर या मौनाला उत्तर शोधण्याचाच प्रयत्न होय.

हृदयापासून शरीराच्या सर्व भागांना रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात. रोहिणींच्या भिंती जाड व कठीण होण्याच्या क्रियेला १८२९ साली लोबस्टाइन या फ्रेंच वैद्याने रोहिणीकाठिण्याचे नाव दिले. १९०४ साली फेलिक्स मार्चंड या जर्मन शास्त्रज्ञाने ‘ॲथिरोस्क्लेरोसिस’ हा शब्द घडविला. ग्रीक भाषेत ‘ॲथिरी’ म्हणजे पेज किंवा लापशी, आणि ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे कठीण होणे. नाव मोठे समर्पक आहे. रोगट रोहिणी उभी चिरली असता तिच्या भिंतीत पिवळसर, लापशीसारखा मऊ पदार्थ साचलेला दिसतो आणि त्याच्या भोवती कठीण, कधी कधी चुनखडीसारखे झालेले आवरण असते. मराठीत या विकाराला रोहिणीविलेप म्हणता येईल. हा लेप हृदयाच्या रोहिणींत बसला तर छातीत कळ येते किंवा हृदयाचा झटका येतो. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणींत बसला तर पक्षाघात होतो. पायांच्या रोहिणींत बसला तर चालताना पोटऱ्यांत गोळे येतात आणि शेवटी पाऊल सडण्यापर्यंत पाळी येते. नावे निराळी, पण रोग एकच.

हा रोग आधुनिक राहणीने जन्माला घातला, असे पुष्कळदा म्हटले जाते. इतिहास या म्हणण्याला दुजोरा देत नाही. १९११ साली मार्क आर्मंड रफर या संशोधकाने ईजिप्तमधील हजारो वर्षांपूर्वीच्या ममी तपासल्या आणि त्यांच्या रोहिणींत हाच विकार त्याला आढळला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ईजिप्त, पेरू, नैर्ऋत्य अमेरिका आणि अल्यूशन बेटे अशा चार दूरदूरच्या प्रदेशांतील १३७ ममींची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ४७ शवांत या रोगाच्या खात्रीच्या किंवा संभाव्य खुणा मिळाल्या. त्यांत राजवैभवात वाढलेले होते, तसेच शिकारीवर उपजीविका करणारेही होते. म्हणजे रोगाचे बीज मानवजातीइतकेच जुने आहे. आधुनिक राहणीने त्याला खतपाणी घातले, इतकेच.

याच्या अगदी उलट अशी दुसरी समजूत होती आणि ती अधिक घातक ठरली. रोहिणी कठीण होणे हा वार्धक्याचा धर्मच आहे, केस पिकावे तशा रोहिणीही पिकतात, असे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले. लिओनार्दो द व्हिंची याने १५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या रुग्णालयात शंभरी गाठल्याचे सांगणाऱ्या एका वृद्धाचे शवविच्छेदन केले होते. म्हातारपणी संत्र्याची साल जाड होत जाते आणि आतला गर कमी होत जातो, तशीच वाहिन्यांची गत होते, असे त्या कलावंताच्या सूक्ष्म दृष्टीला दिसले. निरीक्षण अचूक होते. परंतु जी गोष्ट वयाची मानली, तिच्यावर इलाज शोधण्याच्या भानगडीत कोण पडणार?

या समजुतीला पहिला धक्का प्रयोगशाळेने दिला. १८५६ साली बर्लिनचा विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो याने हे केवळ झिजणे नसून रोहिणीच्या भिंतीचा दाह आहे, असे प्रतिपादन केले. १९१० साली आडोल्फ विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रोगट महारोहिणीतील लेपाचे पृथक्करण केले, तेव्हा निरोगी भिंतीच्या वीस पटींहून अधिक कोलेस्टेरॉल त्याला त्यात आढळले. कोलेस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ यकृतात तयार होतो आणि शरीराला त्याची गरजही असते. मग तो भिंतीत जाऊन कसा बसतो? १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कॉव्ह या तरुण वैद्याने आपल्या सहकाऱ्यासमवेत अंड्याच्या बलकातील कोलेस्टेरॉल वेगळे केले, ते सूर्यफुलाच्या तेलात विरघळविले आणि सशांना खाऊ घातले. काही आठवड्यांतच सशांच्या रोहिणींत माणसासारखाच लेप दिसू लागला. वय झालेले नव्हते, दुसरा रोग नव्हता. केवळ रक्तातील एक घटक वाढविला आणि रोग उत्पन्न झाला!

इतक्या मोठ्या शोधाची जगाने फारशी दखल घेतली नाही. कुत्रे आणि उंदीर यांच्यावर तोच प्रयोग केला असता लेप बसेना. शाकाहारी सशाला अंड्याचा बलक चारून काढलेले अनुमान माणसाला कसे लागू पडावे, असा आक्षेप निघाला. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, पण त्यापायी कित्येक दशके वाया गेली. दरम्यान १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक याने, हृद्‌रोहिणीत रक्ताची गुठळी अडकूनही माणूस तत्क्षणी मरतोच असे नाही, हे दाखवून दिले. त्याचा पंचावन्न वर्षांचा एक रोगी झटक्यानंतर बावन्न तास जगला होता. ज्याला शवागारातच ओळखता येई तो रोग आता रोग्याच्या खाटेपाशी ओळखता येऊ लागला.

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू पावले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर गेला होता. दाब वर्षानुवर्षे वाढत होता. तथापि वयपरत्वे तो वाढावयाचाच, असे तेव्हाचे पुष्कळसे वैद्य मानीत आणि तो उतरविणारे खात्रीचे औषधही त्यांच्याजवळ नव्हते. या संदर्भात एका मुंबईकर वैद्याचे स्मरण करणे उचित होईल. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडील जुन्या वनस्पतीची रक्तदाबाच्या रोग्यांवर शास्त्रशुद्ध चाचणी घेतली आणि १९४९ साली तिचे निष्कर्ष ब्रिटिश हृद्‌रोग-नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या निबंधाने जगाचे लक्ष वेधले. सर्पगंधेतील औषधाची जागा आज अधिक सौम्य औषधांनी घेतली आहे. परंतु रक्तदाब उतरविता येतो, हा विश्वास निर्माण करण्यात त्या कामाचा वाटा मोठा होता. वाढलेला दाब रोहिणीच्या भिंतीवर अहोरात्र आघात करतो आणि लेपाला वाट करून देतो, हे पुढे सिद्ध झाले.

रूझवेल्टच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकेने राष्ट्रीय हृद्‌रोग-कायदा केला आणि मॅसॅच्युसेट्स संस्थानातील फ्रॅमिंगहॅम या साध्यासुध्या गावात एक आगळा उपक्रम सुरू झाला. तेथील ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद करण्यात आली. दर दोन वर्षांनी त्यांना तपासावयाचे, रक्तदाब मोजावयाचा, रक्त पाहावयाचे, सवयी विचारावयाच्या आणि वाट पाहावयाची. कोणाला झटका येतो, कोणाला येत नाही? हा रोगी तपासण्याचा नव्हे, तर निरोगी माणसे तपासण्याचा प्रयोग होता. आणि यातच त्याचे वैशिष्ट्य होते. १९६१ साली पहिले महत्त्वाचे निष्कर्ष बाहेर आले. वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल ही पुढील झटक्याची आगाऊ सूचना असते, असे त्यांवरून दिसले. धूम्रपान आणि मधुमेह यांचा दोषही पुढे त्याच नोंदींतून स्पष्ट झाला. हे काम पुढे मुलांच्या आणि नातवंडांच्या पिढीपर्यंत चालविण्यात आले.

याच काळात दोन लहान पण मार्मिक निरीक्षणे पुढे आली. १९५३ साली कोरियाच्या युद्धात पडलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय होते बावीस वर्षे. आणि तरीही त्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांच्या हृद्‌रोहिणींत विकाराच्या खुणा होत्या. रोग वार्धक्यात प्रकट होतो, पण तो जडतो तारुण्यात, हे या तरुणांनी मरणोत्तर सांगितले. दुसरे निरीक्षण लंडनमधले आणि तेही १९५३ सालचेच. डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हा रोग कमी होत असे. गाडी तीच, रस्ते तेच. फरक होता तो पायांना मिळणाऱ्या व्यायामाचा.

कारणांचा शोध असा सावकाश चालला असता शस्त्रवैद्य मात्र स्वस्थ बसले नव्हते. नळी तुंबली आहे ना? मग ती मोकळी करावी, नाहीतर बाजूने दुसरी वाट काढावी. विचार सरळ होता आणि त्यातून मोठे पराक्रम घडले. १९४८ साली पॅरिसमध्ये झाँ कुन्लिन याने रोग्याच्याच पायातील नीला काढून तुंबलेल्या रोहिणीच्या बाजूने जोडली. १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील शस्त्रवैद्यांनी मानेतील रोहिणीचा रोगट भाग कापून काढून मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ववत केल्याचे जाहीर केले. परंतु हृदयाच्या रोहिणी प्रत्यक्ष पाहावयाच्या कशा? १९२९ साली जर्मनीतील वेर्नर फोर्समन या तरुण वैद्याने स्वतःच्याच दंडाच्या नीलेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितीत जिना उतरून जाऊन क्ष-किरण चित्र काढविले. तेव्हा त्याची गणना वेड्यांत झाली. १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स हा अशाच नळीतून क्ष-किरणांना अपारदर्शक असा द्रव सोडीत असता, नळीचे टोक चुकून हृद्‌रोहिणीत गेले. रोग्याचे हृदय क्षणभर थांबले. सोन्सने ओरडून त्याला खोकावयास सांगितले आणि हृदय पुन्हा चालू झाले. या अपघातातून हृद्‌रोहिणींचे चित्रण जन्मास आले.

रोहिणी दिसू लागल्या, तसे शस्त्र नेमके चालू लागले. १९६४ साली लेनिनग्राडच्या कोलेसॉव्हने छातीतील रोहिणी हृद्‌रोहिणीला जोडली. ९ मे १९६७ रोजी क्लीव्हलंड येथेच रेने फावालोरो याने पायातील नीलेचा तुकडा वापरून हृद्‌रोहिणीला बाजूची वाट काढून दिली. बारा वर्षे अर्जेंटिनाच्या मागासलेल्या खेड्यात वैद्यकी केलेल्या या माणसाने ‘बायपास’ ही शस्त्रक्रिया जगभर रूढ केली. भारतात ती प्रथम १९७५ साली, मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. त्याच्याही दहा वर्षे आधी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी एका निराळ्याच दिशेने विचार करीत होते. सापाच्या हृदयात रक्त पोकळीतूनच थेट स्नायूत शिरते. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीत सुईने सूक्ष्म छिद्रे पाडली तर? १९६५ साली त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत लेझर किरणांनी तशीच छिद्रे पाडण्याचे तंत्र निघाले. त्या मार्गाला मर्यादितच फळ आले, पण साधने तुटपुंजी असताना परळमध्ये केवढ्या स्वतंत्र बुद्धीने विचार चालला होता, याची ती साक्ष आहे.

छाती न उघडता हे काम साधेल काय? १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ब्याऐंशी वर्षांची एक वृद्धा चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाकडे आली. तिचे पाऊल सडू लागले होते. शस्त्रवैद्य पाय कापा म्हणत होते आणि ती साफ नकार देत होती. डॉटरने तिच्या मांडीतील अरुंद रोहिणीतून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून वाट रुंद केली. पाय वाचला आणि ती आयुष्याच्या अखेरीपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली. डॉटरच्या देशबांधवांनी त्याची टिंगल केली; पण युरोपात त्याची कल्पना रुजली. आंद्रेआस ग्रुंट्सिग हा जर्मन तरुण झुरिक येथे राहत असता रात्री स्वयंपाकघरातील टेबलावर नळीच्या टोकाला चिमुकले फुगे बसविण्याची खटपट करी. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने चाळिशीही न गाठलेल्या एका रोग्याच्या हृद्‌रोहिणीत तो फुगा नेऊन फुगविला. रोगी शुद्धीवर होता. रोहिणी मोकळी झाली आणि दहा वर्षांनी पाहिली तेव्हाही ती मोकळीच होती. परंतु सर्वांच्याच नशिबी असे यश नव्हते. बऱ्याच रोग्यांची रोहिणी काही महिन्यांतच पुन्हा अरुंद होई. म्हणून १९८६ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंड येथे तीत धातूची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यास प्रारंभ झाला. पुढे त्या जाळीवर औषधाचा लेपही देण्यात येऊ लागला. भारतात या जाळ्यांच्या किमती सामान्य कुटुंबाचे कंबरडे मोडीत होत्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध-किंमत प्राधिकरणाने साध्या जाळीला ७,२६० रुपये आणि औषधी जाळीला २९,६०० रुपये अशी कमाल मर्यादा घालून दिली.

येथवरची कथा ऐकताना कोणालाही वाटेल की, प्रश्न आता सुटला. नळी तुंबली होती, ती मोकळी झाली. पण रोहिणी ही घरातल्या नळासारखी निर्जीव नळी नव्हे. तिची भिंत जिवंत आहे आणि रोग त्या भिंतीत आहे. तिच्या आतल्या नाजूक अस्तराला वाढता दाब, तंबाखूचा धूर आणि रक्तातील जादा साखर यांमुळे इजा पोहोचते. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण त्यातून आत झिरपतात आणि तेथेच अडकतात. त्यांना गिळून टाकण्यासाठी श्वेतपेशी धावतात आणि मेदाने फुगून फेसाळ होतात. व्हिर्खोने म्हटलेला दाह तो हाच. भोवती तंतूंचे आवरण तयार होते. आरंभी रोहिणी बाहेरच्या बाजूने रुंदावत जाऊन आतली वाट कायम ठेवते, म्हणून चित्रात काहीच दिसत नाही. एखाद्या दिवशी ते पातळ आवरण फाटते, आतली लापशी रक्ताच्या संपर्कात येते, क्षणार्धात गुठळी धरते आणि वाट बंद होते. म्हणूनच पुष्कळसे झटके जेथे नळी फारशी अरुंद नव्हती अशा जागी येतात. अरुंद जागा ही रोगाची खूण आहे, सारा रोग नव्हे.

हे केवळ पुस्तकी अनुमान राहिले नाही. ३७ देशांतील ५,१७९ स्थिर प्रकृतीच्या हृद्‌रोग्यांवर एक मोठी चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१९ च्या अखेरीस जाहीर झाले. अर्ध्या रोग्यांना औषधांबरोबरच आरंभीच जाळी किंवा बायपास, अर्ध्यांना प्रथम केवळ औषधोपचार. पहिल्या गटात छातीची कळ अधिक कमी झाली, परंतु मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. याचा अर्थ जाळी निरुपयोगी असा मुळीच नव्हे. प्रत्यक्ष झटका आला असता तुंबलेली रोहिणी तातडीने उघडणे हे प्राण वाचविणारे कार्य आहे. तेथे एकेक मिनिट मोलाचे असते. मुख्य रोहिणीच्या मुळाशी अडथळा असेल तर बायपास हा मोठा आधार ठरतो. पण एका जागी जाळी बसली म्हणून बाकीच्या शेकडो जागांचा रोग बरा झाला, असे समजून औषधे सोडणारा रोगी स्वतःची फसवणूक करून घेतो.

सबंध भिंतीवर चालणारे औषध मिळाले ते एका बुरशीतून. जपानचे संशोधक अकिरा एंडो यांनी हजारो बुरशींचे अर्क तपासले. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा एखादा पदार्थ त्यांना हवा होता. क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरील बुरशीत तो १९७३ साली सापडला. त्याच सुमारास अमेरिकेत ब्राउन आणि गोल्डस्टीन हे दोघे रक्तातील कोलेस्टेरॉल यकृत कसे ओढून घेते याचा उलगडा करीत होते. त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ साली स्टॅटिन वर्गातील पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. १९९४ साली उत्तर युरोपातील ४,४४४ हृद्‌रोग्यांवरील चाचणीत अशा औषधाने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अनिच्कॉव्हच्या सशांनी जे सांगितले होते ते माणसांच्या बाबतीत मान्य व्हावयास अशी ऐंशी वर्षे लागली. स्वतः एंडो २०२४ साली नव्वदाव्या वर्षी निवर्तले.

या साऱ्या इतिहासाचा आपल्या लोकांशी संबंध फार जवळचा आहे. २००४ साली ५२ देशांतील सुमारे तीस हजार माणसांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगात कोठेही पाहिले तरी पहिल्या झटक्याचे बहुतांश कारण नऊच गोष्टींत सापडते, असे त्यात आढळले : धूम्रपान, रक्तातील मेदाचा बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय. भारतीय उपखंडातील माणसाला हा पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो; इतर देशांतील माणसांना तो सुमारे एकोणसाठाव्या वर्षी येतो. सहा वर्षांचा हा फरक वाचावयास लहान वाटतो. पण मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, मुलाचे शिक्षण संपावयाचे आहे, घराचे कर्ज फिटावयाचे आहे, अशीच ती सहा वर्षे असतात. घरचा कर्ता त्याच वेळी जातो.

हंटरच्या पिढीला या नवांपैकी एकाही गोष्टीची गणना ठाऊक नव्हती. आज रक्तदाब मोजावयास दोन मिनिटे पुरतात. रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल तालुक्याच्या गावीही तपासून मिळतात. तिशी-चाळिशीत, काहीही दुखत नसताना, ही तपासणी करून घेणे म्हणजे फ्रॅमिंगहॅमच्या त्या पाच हजार माणसांनी स्वतःच्या आयुष्याची किंमत देऊन शिकविलेला धडा घरी आणणे होय. बिडी-सिगारेट टाकून देणे, रोज पायी चालणे, दिलेले औषध बरे वाटू लागले म्हणून बंद न करणे, या गोष्टींत चमत्कार काहीच नाही. पण रोहिणीच्या भिंतीपर्यंत पोहोचणारे उपाय हेच आहेत. आणि छातीत आवळल्यासारखे होऊन घाम सुटला, तर ते पित्त समजून सकाळपर्यंत वाट पाहावयाची नसते, हेही त्यांतच आले.

छताकडे मान वर करून पाहणारा जेन्नर खपल्याचा शोध घेत होता. खरे कारण त्याच्या सुरीखाली होते. ते सापडल्यावरही त्याला गप्प बसावे लागले, कारण गुरूच्या हाती देण्यासारखे त्याच्याजवळ काहीच नव्हते. त्या मौनाला आता कारण उरलेले नाही. वैद्याने स्पष्ट सांगावे आणि रोग्याने वेळीच विचारावे, इतके ज्ञान आज दोघांच्याही पदरात आहे. हंटरला जे संभाषण कधीच लाभले नाही, ते आज कोणत्याही दवाखान्यात होऊ शकते.